सुनंदाचा उजवा खांदा

लिहिण्याची सवय नसताना हे धाडस करते आहे, क्षमा असावी. आज मुलीने सरावानंतर खांद्याला मलम चोळले आणि त्या उग्र वासाने मला दौंडच्या मैदानावर नेले. हँडबॉलच्या सामन्याआधी आम्ही शिरूरच्या मुली जोडीने एकमेकींचे खांदे ताणत असू. सुनंदाचा फेकीचा हात मी मागे ओढत होते.

"बास गं, दुखतंय."

"दुखतंय म्हंजी मोकळा व्हतोय. नाटकं नको," असे म्हणून मी आणखी जोर लावला. माझ्या तळव्याखाली काहीतरी कट्कन सरकले. मी गप्प राहिले.

पहिल्याच फेकीला तिचा हात लुळा पडला. ती पुन्हा कधी खेळली नाही. आजही ती डाव्या हाताने केस विंचरते. "माझीच फेक चुकली बघ," असे भेटल्यावर हसून सांगते.

आता तरी मी तिला खरे सांगावे का?