लिंडसीचे लीक

माझ्या लेकीचा, लिंडसीचा विचार डोक्यातून जात नाही. दुपारी ती वाफ्याशी उकिडवी बसली होती आणि तिच्या लीकच्या पातींसारखीच तिनेही मान टाकली होती.

कांद्याच्या कुळातले हे जाडजूड लीक पुरुषांनीच वाढवायचे, असं आमच्या या डरहॅमच्या खाणगावात अजून पुष्कळांना वाटतं. माझा डेनिस गेला तेव्हा इथल्या लीक क्लबवाले त्याचा वाफा दुसऱ्याला द्यायला निघाले होते. लिंडसी वृद्धाश्रमातली पाळी संपवून गणवेशातच तिथे गेली. "बाबाचं वाण मी राखणार," एवढंच बोलली. वाण राखायचं तर त्याचीच रोपं दरवर्षी लावावी लागतात. सगळे लीक मेले की वाणही गेलं.

शनिवारी प्रदर्शन आहे. कुणी ऐनवेळी दुसऱ्याचे लीक आणू नयेत म्हणून मागे क्लबचे लोक पातींवर शिक्के मारायला आले, तेव्हा शेजारचा क्लिफर्ड म्हणाला, "पोरी, यंदा आमच्या नाकावर टिच्चून बक्षीस नेतेस वाटतं!" झालं. ही दुप्पट खत घालत सुटली, आणि आज सगळ्या पाती आडव्या.

"विल्ट झाले गं. उपटून टाक," क्लिफर्ड कुंपणावरून म्हणाला. "तूही विल्ट झालीयेस. जा, झोप काढ."

"तुमचे गुडघे कधीचे विल्ट झालेत, काका. तुम्हाला उपटलं का कुणी?"

तो हसला. ती नाही हसली.

इथे हा शब्द कशालाही लावतात: फुलदाणीतल्या फुलांना, उन्हात रांगेत उभ्या बायकांना, हरत आलेल्या फुटबॉल संघाला. डेनिस मात्र तो जपून वापरायचा. "दुपारी पडलं आणि संध्याकाळी उठलं, तर ते विल्ट. उठलंच नाही, तर मेलं." म्हणून संध्याकाळी मी पुन्हा जाऊन पाहिलं. मधली पात थोडी वर आली होती.

खताचं गुपित इथे कुणी कुणाला सांगत नाही, बाप लेकीलाही नाही. "आई, तू मध्ये पडू नकोस," असं लिंडसीने मला आधीच बजावलंय. पण डेनिसच्या बादल्या मीच वाहायचे. खत जास्त झालं की तो नुसतं साधं पाणी सोडत राहायचा आणि वर सावलीला आमच्या खिडक्यांचे जुने जाळीचे पडदे बांधायचा. ते पडदे माळ्यावर आहेत.

ती आत्ता पाळीवर आहे. चिडेल. चिडू दे. फोन लावते, उचलला नाही तर पुन्हा लावेन.