दहा वाजताचं अवस्थांतर

नेलिदा आंतिलेफचा कुणावर पटकन विश्वास बसत नसे, आणि फेर्मीन ओयोलावर तर तो बसलाच नव्हता. अर्जेंटिनातल्या बारिलोचेच्या अतिथंड प्रयोगशाळेत एकतीस वर्षं द्रव हेलियम भरणारी ही बाई. तुकुमानहून आलेल्या या संशोधकाने तिसऱ्याच आठवड्यात नवा शोध लावावा, हे तिच्या पचनी पडेना.

प्रयोग तिला तोंडपाठ होता. आठ वाजता स्फटिक थंड करायला घ्यायचा. चार केल्विनला त्यातले कोट्यवधी अणुचुंबक एकदम एका दिशेला वळतात, तेच अवस्थांतर. ते टिपायला फेर्मीनने हिऱ्याचा कण आणला होता, आत एकच खोट असलेला. ती खोट भलतीच हळवी. शेजारी जरा चुंबकी गडबड झाली की तिची पुंज-अवस्था, म्हणजे क्वांटम स्थिती, विसकटते आणि पडद्यावरची रेषा कोसळते. पण फेर्मीनची रेषा रोज नऊ केल्विनलाही कोसळत होती.

"दुसरं अवस्थांतर, नेलिदाबाई! आजवर कुणाला दिसलंच नाही!"

"आणि तुलाच बरं दिसलं, डॉक्टर?"

आकडे हा घरून शिजवून आणतो, असं तिने गृहीतच धरलं. चार दिवस ती डोळ्यांत तेल घालून बसली. रोज बरोब्बर दहाला, पारा नऊ केल्विनला येताच, रेषा कोसळे. खरा स्फटिक कधी घड्याळ बघतो का? शुक्रवारी सकाळी तिने संचालकांच्या टेबलावर पत्र ठेवलं: ओयोला लबाडी करतो, त्याला काढा.

रोज दहाला तीच सगळ्यांना येर्बाचा कडू काढा द्यायची, एकाच पेल्यातून, यंत्राशेजारच्या टेबलावर, 'खाणंपिणं मना'च्या पाटीखाली. पाटी तिनेच लावलेली. पहिला, सगळ्यांत कडू पेला देणाऱ्यानेच प्यायचा. त्याला मूर्खाचा पेला म्हणतात. त्या शुक्रवारी तिने काढ्याच्या गरम पाण्याचा थर्मास कपाटातच ठेवला. लबाडाला कोण पाजणार?

दहा वाजले. रेषा हलली नाही.

"गेलं," फेर्मीन पांढराफटक पडून म्हणाला. तो वेड्यासारखा तारा तपासू लागला.

लबाडाने आजही रेषा पाडून दाखवली असती. नेलिदा यंत्राजवळ गेली. टेबलावर थर्मासच्या बुडाचा गोल डाग होता. तिने पोलादी थर्मास आणून त्यावर ठेवला. रेषा कोसळली. उचलला, वर आली.

"तुझं अवस्थांतर माझ्या थर्मासमध्ये होतं, पोरा."

तो हसला, पण डोळे भरून आले. तिने पेला भरला. "आज पहिला मला द्या," तो म्हणाला. "मूर्ख मीच."

तिने दिला नाही. लाजेने कान तापले होते. तो पेला तिने स्वतःच एका दमात संपवला. "संचालकांकडे माझं पत्र पडलंय. तू लबाड आहेस असं लिहिलंय. ते घेऊन येते."



ती फाडलेलं पत्र मुठीत घेऊन परतली, तेव्हा टेबल मोकळं होतं. थर्मास त्याने बाहेर व्हरांड्यात नेला होता, आणि तिथे खुर्च्या दोन मांडल्या होत्या.