सह्यांच्या गोलातली ओळ

माझे वडील लातूरला अर्जनवीस होते. कचेरीबाहेर लिंबाखाली लाकडी पेटी मांडून बसायचे आणि ज्यांना उर्दू लिहिता येत नसे त्यांचे अर्ज लिहून द्यायचे. निजामाच्या राज्यात कचेरीचा सगळा कारभार उर्दूत, त्यामुळे त्यांना फुरसत नसे. मला त्यांनी घरीच उर्दू शिकवली. माझं अक्षर त्यांच्याहून चांगलं आहे, असं ते स्वतः सांगत. मजकुराबद्दल मात्र कधी काही बोलले नाहीत.

लग्न होऊन मी नांदेडला आले. यजमान पायलट. हैदराबादच्या एका विमान कंपनीत नोकरीला आणि सुट्टीला आगगाडीने घरी. हे विमानातून का येत नाहीत, ते शेजारणींना शेवटपर्यंत पटलं नाही. यांचं शिक्षण मामाकडे सोलापूरला झालेलं. इंग्रजी उत्तम, उर्दू बोलण्यापुरती. उर्दू कागद आला की माझ्याकडे सरकवायचे.

कंपनीत नऊ पायलट होते आणि त्यांची एक अंजुमन होती, म्हणजे संघटना. हे तिचे चिटणीस. निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं होती. कोण कुणाच्या बाजूचा यावरून गावात माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. या नऊजणांत हिंदू, मुसलमान, पारशी सगळेच होते आणि त्यांची भांडणं व्हायची ती ड्यूटीच्या पाळ्यांवरून.

त्यांच्यातले सगळ्यांत वडीलधारे कप्तान एके सकाळी विमान न्यायला नाही म्हणाले. डाव्या इंजिनातून तेल गळत होतं. दफ्तरातला अधिकारी म्हणाला, थोडंफार गळायचंच. कप्तान म्हणाले, मग तुम्ही बसा माझ्या शेजारी. अधिकारी बसला नाही, पण कप्तानांना त्याने घरी बसवलं.

अंजुमनने ठरवलं की कप्तानांना परत घ्या, नाहीतर बाकीच्या आठांचे राजीनामे. आता अडचण अशी, की दफ्तराला अर्ज उर्दूत लागे. लिहिणाऱ्याचं अक्षर ओळखलं तर खापर त्याच्यावर फुटणार. पहिली सही कुणाची, तेही पाहिलं जाणार. म्हणून त्यांनी कोऱ्या कागदावर गोलात सह्या केल्या. ना कुणी पहिला, ना शेवटचा. मधे मजकुराला तळहाताएवढी जागा उरली. तो कागद घेऊन हे नांदेडला आले.

"तुझं अक्षर तिथं कुणी ओळखत नाही. लिही."

"काय लिहू?"

"आठांचा राजीनामा. थोडक्यात. जागा नाही."

"आणि मंजूर केला तर?"

"तर आठहीजण घरी."

"म्हणजे तुम्ही रोज घरात? मग मंजूर होऊ नये असंच लिहिते."

चुलीवर पिठलं होतं. मी वर ठळक 'राजीनामा' लिहिलं आणि खाली एक ओळ, की आमच्या साथीदाराच्या मामल्यात आम्हा सर्वांचा हा राजीनामा मंजूर व्हावा. अक्षर सुरेख आलं. हे कागद पाकिटात घालून गेले.

आठवड्याने परत आले ते कप्तानांना घेऊनच. यांचा चेहरा उतरलेला. कप्तान मात्र ओसरीवर बसता बसताच म्हणाले,

"क्या वहिनी, मेरेकू तो बेच डाले तुम!"

मला काही कळेना. कप्तानांचं बालपण उदगीरला गेलेलं, मराठी चांगली यायची. त्यांनी सावकाश सांगितलं, "मराठीत राजीनामा म्हंजे नोकरी सोडली. उर्दूत राजीनामा म्हंजे राजी झालो, तडजोड झाली, मामला मिटला. नोकरी सोडायची तर इस्तीफा लिहायचा. तुमची ओळ वाचून साहेब लई खूश झाला. फलकावर लावलं त्यानं, पायलट लोकांनी समझौता केला म्हणून."

"आणि बाकीचे काय म्हणाले?"

हे म्हणाले, "दोन दिवस माझ्या टेबलाशी कुणी जेवायला बसलं नाही."

"तिसऱ्या दिवशी राहिलेला पगार मागायला गेलो, तवा मी बसलो," कप्तान म्हणाले. "फलक वाचला आणि हसू आलं. म्हणलं, हे घरच्या मराठीचं काम हाय. बाकीच्यांना समजावून सांगितलं."

मला काही हसू आलं नाही. महिनाअखेर कप्तानांच्या जागी दुसरा माणूस घ्यायचं ठरलं होतं. माझ्या एका शब्दाने त्यांची नोकरी जाणार होती, आणि वर माझ्या नवऱ्याला फितूर ठरवून झालं होतं. अर्जनवीसाच्या मुलीने असली चूक करावी! दोन्ही अर्थ मला ठाऊक होते. पण घरात बोलतो तसं हातातून उतरलं.

कप्तानांनी पिशवीतून घडी काढली. पुन्हा कोरा कागद, पुन्हा गोलात आठ सह्या.

"परत माझ्याच हातात देताय?"

"दुसरं अक्षर आलं तर साहेब म्हणेल, ह्यो कागद खोटा. अक्षर तेच पायजे. फक्त शब्द बदला, वहिनी."

मी घडी कापडात गुंडाळली आणि यांना म्हटलं, "उद्या सकाळच्या मोटारीने लातूरला जाते."

"एका ओळीसाठी?"

"मागच्या खेपेलाही एकच ओळ होती."

वडील कचेरी सुटून घरी आले तेव्हा मी कागद पुढे ठेवला आणि झालेलं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"इस्तीफ्याच्या जागी राजीनामा? कोण्या गाढवानं लिहिलं?"

"मी."

"मग कुणाची पोरगी हायस ते सांगू नकोस गावात."

मग त्यांनी कागद हातात घेतला, गोल फिरवून सगळ्या सह्या पाहिल्या आणि मधल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"हे आधीच सह्या करून मोकळे? मजकूर न बघता?"

"हो. आणि ही दुसरी वेळ."

"इतकी वर्षं अर्ज लिहून राहिलो, पण मला कुणी कोऱ्या कागदावर अंगठासुद्धा दिला न्हाई." त्यांनी कोनाड्यातली पाटी काढून माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाले, "सरळ बस. पाटीवर लिही आधी."

पाटीवर मी चारदा लिहिलं आणि त्यांनी चारदा पुसायला लावलं. शेवटी दोन वाक्यं राहिली. आधीच्या कागदातल्या राजीनाम्याचा अर्थ इस्तीफा असा घ्यावा. साथीदार महिनाअखेरपर्यंत कामावर आला नाही, तर पहिल्या तारखेपासून आमच्यापैकी कोणीही विमान उडवणार नाही. ती मी कागदावर उतरवली. या खेपेला अक्षराचं कौतुक कुणी केलं नाही. परतीच्या मोटारीत मी कापडाची घडी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले होते.

कागद हैदराबादला गेला. पुढचे आठ दिवस मी घरातले सगळे डबे घासून काढले, बेसनाचे लाडू केले, कारण नुसतं बसून काही होणार नव्हतं. नवव्या दिवशी तारवाला आला. आमच्या गल्लीतली अर्धी घरं त्याच्याकडूनच तार वाचून घेत, त्यामुळे पाकीट देण्याआधी मजकूर पाहायची त्याला सवय होती. चपला उंबऱ्याबाहेर काढून तो हलक्या आवाजात म्हणाला,

"बाई, बातमी काय बरी न्हाई. इस्तीफे सगळे नामंजूर झाले."

मी तार घेतली. खाली आणखी एक ओळ होती, की कप्तान उद्यापासून कामावर. दोनदा वाचली, घडी घातली आणि आत जाऊन लाडवांचा डबा घेऊन आले.

"बसा. घ्या."

त्याने एक लाडू घेतला, पण खाईना. "बाई, मी नामंजूर म्हणलो हो."

"ऐकलं. अजून एक घ्या, घरीही न्या."