‘हव’ म्हणजे गैरहजर

हे मी घरी कधी सांगितलं नाही. बायकोलेही नाही. तसं पाहिलं तर काय होतं एवढं — काळ्या स्क्रीनवरचा एक साधा प्रोग्राम! पण आज सांगतो. अडखळत सांगीन, चालेल ना?

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. उरल्याच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका रोलिंग मिलसाठी हजेरीचा प्रोग्राम मी लिहिला, अन् काय ऐट होती माझी! हजेरी टाईप करायची दुर्गा दीदी. ब्राह्मणपारा मोहल्ल्यातली, नवीनच शिकलेली, पण बोटं भरभर चालायची. प्रोग्राम एकेक नाव दाखवून विचारायचा — हजर आहे? तिनं ‘हां’ नाहीतर ‘नहीं’ लिहायचं.

अन् ती घाईत लिहायची ‘हव’. इकडे ‘हो’ले ‘हव’च म्हणतात. मीही दिवसभर म्हणतो! माझ्या प्रोग्रामले मात्र तो शब्द माहीत नव्हता. ‘समजलं नाही, पुन्हा लिहा’ एवढं तरी त्यानं म्हणावं ना? ती ओळ मी लिहिलीच नव्हती. न समजलेला शब्द गुपचूप यादीतल्या पहिल्या पर्यायात जायचा — अन् पहिला मी ‘गैरहजर’ ठेवला होता. काहून? काहीच कारण नाही.

पगाराच्या दिवशी गेटवर बोंबाबोंब झाली. राबलेली माणसं कागदावर गैरहजर! मॅनेजरनं मले बोलावलं. तोवर मले चूक दिसली होती — हो, चांगली दिसली होती. तरी मी म्हणालो, "टाइपिंग की गलती है, सर."

दीदी तिथंच उभी होती. मजुरांचे पैसे मिळाले, पण तिले कॉम्प्युटरवरून उठवून स्टोअरमध्ये टाकलं. मी ती राहिलेली ओळ प्रोग्राममध्ये चुपचाप घातली. लाज वाटली का? वाटली. बोललो का? नाही.

मागच्या महिन्यात ती समता कॉलनीत भेटली, माझ्या ऑफिससमोरच. केस पिकलेले. मी सगळं सांगून टाकलं. मग ती म्हणाली, "मैं तो इतने साल यही समझती रही भैया, कि मशीन मेरे बस की नहीं."

मिलमधल्या त्या दिवसानंतर तिनं कीबोर्डले हात लावला नव्हता. माझ्या एका वाक्यानं.

मग तिनं विचारलं, आत कॉम्प्युटर आहे का. माझ्या खुर्चीवर बसली. स्वतःचं नाव लिहिलं — चुकलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. आता रोज येते, अन् बोटं मोकळी होऊन राहिली आहेत.

माफ केलं का, ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.