साडेनऊ बोटांचं उत्तर

तोंडावर त्याला सगळे मिस्त्री म्हणत आणि पाठ वळली की साडेनऊ. ऐन तिशीत कापड कापायच्या यंत्रात उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं पहिलं बोट अर्ध्यातून गेलं होतं. तेव्हापासून हा शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस अनोळखी लोकांपुढं उजवा हात खिशात घालून उभा राहायचा. लेकीच्या लग्नाच्या झाडून सगळ्या फोटोंत बापाचा हात खिशात आहे. पाहुणे म्हणाले, काय ऐट आहे बघा. ऐट कसली डोंबलाची, लाज वाटायची त्याला.

तळघरात दुकान होतं. दारात तेलाचा वास यायचा, आत उघडून ठेवलेली मशीनं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मिस्त्री फोनवर लोकांच्या शंकांना उत्तरं द्यायचा. तशी एक साइट होती, कुणीही विचारावं आणि जाणत्यानं सांगावं. दोरा का तुटतो, टाका का सुटतो, सुई का वाकते. हा गडी मशीनपुढं बसून एकेक पायरी स्वतःच्या हातानं करून बघायचा, वहीत पेन्सिलीनं लिहायचा आणि मग फोनवर उतरवायचा. अशी दोनशेच्या वर उत्तरं दिली, तीही फुकट. बायको म्हणायची, "अहो, लष्कराच्या भाकऱ्या किती भाजाल?"

ती साइट एक दिवस बंद पडली आणि उत्तरंही तिच्याबरोबर गेली. पुढं तीनेक वर्षांनी एका शिंप्यानं दुसरी साइट दाखवली. मिस्त्रीनं खातं उघडलं आणि वहीतली पहिली वीस उत्तरं मोठ्या हौसेनं टाकली.

चौथ्या दिवशी नोटीस आली. आपण आमच्या मान्यवर तज्ज्ञांची उत्तरं शब्दशः चोरली आहेत. सात दिवसांत खुलासा करा, नाहीतर खातं बंद होईल आणि नावापुढं 'उत्तरचोर' असा शिक्का लागेल, सगळ्यांना दिसेल असा.

मिस्त्रीनं तज्ज्ञांचं पान उघडलं. कोट घातलेला, हाताची घडी घातलेला, मागं पुस्तकांचं कपाट असलेला एक गुळगुळीत माणूस. खाली मिस्त्रीची दोनशे उत्तरं ओळीनं मांडलेली. जुनी साइट बुडायच्या आधी पठ्ठ्यानं सगळी उपसून घेतली होती. आयत्या बिळावर नागोबा. आणि उचलताना वाचायचे तरी कष्ट घ्यावेत की नाही? एका उत्तरात मिस्त्रीनं लिहिलं होतं, 'माझी बायको म्हणते, मशीन आणि नवरा कुरकुरला की आधी तेल घाला.' तेही तसंच्या तसं.

बायकोनं ते वाचलं. "मी कधीपासून ह्या मेल्याची बायको झाले?" ती म्हणाली.

मिस्त्रीनं वहीचे फोटो पाठवले. नियंत्रकाचं उत्तर आलं, वही कालही लिहिता येते, त्यांची तारीख तुमच्या आधीची आहे. हा नियंत्रक म्हणजे न्याय करणारा. जन्मात सुईत दोरा ओवला नसेल, पण रुबाब न्यायाधीशाचा. खाली तज्ज्ञांनीही दोन ओळी खरडल्या होत्या, 'अशा भुरट्यांमुळे खऱ्या ज्ञानाचे नुकसान होते.' चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मिस्त्रीला दोन दिवस जेवण गेलं नाही. आयुष्यभर गिऱ्हाइकाचा एक स्क्रू इकडचा तिकडं केला नव्हता त्यानं, आणि आता चोर म्हणून त्याचं नाव लागणार होतं.

नोटिशीच्या पाचव्या दिवशी वही चाळता चाळता तो एका पानावर थांबला. मशीनच्या पोटातली, खालच्या दोऱ्याच्या बॉबिनची डबी कशी काढावी, हा प्रश्न. उत्तर होतं, 'डबीची खिट्टी अंगठा आणि मधल्या बोटात धरा. पहिलं बोट वर उचलून ठेवा, मध्ये येऊ देऊ नका.' त्याचा हात जे करत होता ते त्यानं लिहिलं होतं. जगात सगळेजण ती खिट्टी अंगठा आणि पहिल्या बोटानंच धरतात, हे तेव्हा त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

तज्ज्ञांच्या पानावर हेच उत्तर होतं. मिस्त्रीनं खाली विचारलं, "साहेब, पहिलं बोट वर का ठेवायचं?"

तासाभरात पाच परिच्छेद आले. पहिल्या बोटाच्या टोकाला घाम जास्त असतो, त्यानं खिट्टी गंजते. त्या बोटाची नाडी जोरात चालते, त्यानं डबी थरथरते. परदेशी कारखान्यांत हीच पद्धत आहे आणि मी स्वतः वीस वर्षं हीच शिकवत आलो आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्रेचाळीस जणांनी वा वा केली. एका शिवणक्लासच्या बाईंनी लिहिलं की आमच्याकडं तर मुलींचं बोट खाली आलं की मी टोकते.

मिस्त्री बायकोला म्हणाला, "एक फोटो काढ. हाताचा."

तिनं फोन हातात घेतला, पण काढेना. "सगळं जग बघेल हो."

"बघू दे."

त्यानं हात खिशातून काढून टेबलावर ठेवला, डबीच्या शेजारी. थोटकावर सकाळचं तेल होतं. ती पुसायला गेली तर म्हणाला, राहू दे. फोटो त्यानं स्वतःच तज्ज्ञांच्या पाच परिच्छेदांखाली लावला आणि लिहिलं, 'मला ते बोट नाही, म्हणून वर ठेवतो. तुम्ही का ठेवता?'

संध्याकाळपर्यंत कोट, कपाट, वीस वर्षांचा अनुभव, सगळं पान पुसून साहेब पसार झाले. नियंत्रकानं दीड ओळीत दिलगिरी कळवली, तीही बहुधा कुठून तरी उचललेली. वा वा करणारे त्रेचाळीस जण आता मिस्त्रीला वा वा करायला आले. त्यांतल्या एकालाही त्यानं उत्तर दिलं नाही.

शिवणक्लासच्या बाईंचा प्रश्न मात्र सकाळी आला. "मिस्त्रीकाका, मग आता मुलींनी पहिलं बोट वापरलं तर चालेल का?"

मिस्त्रीनं चष्मा पुसला आणि मधल्या बोटानं सावकाश टाइप केलं, "ताई, त्यांना आहे ना? मग वापरू द्या."