दुसरी आई
वाळत्या बोंबलांचा वास आला, की तारोडीतली ती दुपार आठवते. माझ्या मुलीच्या उजव्या पापणीत जन्मापासून रक्ताच्या नसांची गाठ होती. तिच्या भाराने तो डोळा मिटलेलाच असायचा. डोळ्याजवळ कापणं धोक्याचं, म्हणून डॉक्टरांनी कॅप्सूल सुरू केल्या होत्या, आणि महिन्यांमागून महिने गाठ हळूहळू उतरत होती. मुलीसमोर मी कधीच रडत नसे. त्या दुपारी ती ओट्यावर झोपली होती, मी काठ्यांवर बोंबील टांगत होते. वारा एकदम पडला. वळून बघते तर ती उठून बसलेली, पापणी वर गेलेली, आणि आपणहून कधीच न उघडलेला तो डोळा माझ्यावर रोखलेला. मी हसले. "आये, दोन आया हायत," ती शांतपणे म्हणाली. "एक तुझ्या बाजूला उभी हाय." मी बाजूला पाहिलं. तिथे नुसते बोंबील लटकत होते. "काय करतेय गं ती?" "रडतेय." डॉक्टर नंतर म्हणाले, दोन डोळ्यांची अजून जुळणी नाही, म्हणून एकाचे दोन दिसतात; जाईल हळूहळू. तसं ते गेलंही. पण मी हसत असताना ती दुसरी का रडत होती, हे मी डॉक्टरांना अजून विचारलेलं नाही.