पांढऱ्या कागदाखालचं नाव

लोकांसाठी दात बनवण्यात सगळं आयुष्य गेलं, पण या माणसाने स्वतःचे दात कधी मनापासून हसायला उघडले असतील तर शपथ. दंतवैद्यांकडून तोंडाचे साचे यायचे. हा त्यांत प्लास्टर ओतायचा, मेणाच्या पट्टीवर एकेक दात रोवायचा, गुलाबी हिरड्या घासून गुळगुळीत करायचा. आणि प्रत्येक साच्याकडे बघून मनात म्हणायचा, ‘या तोंडाने जन्मभर भिकार गाणी गुणगुणली असणार.’ साच्यावर नाव नसायचं, नुसता नंबर. तरी याला म्हणे कळायचं.

सगळे त्याला कवळीवालाच म्हणत. गाण्यातलं आपल्याइतकं कुणालाच कळत नाही, असं त्याचं ठाम मत होतं. गाणी कुठली, तर साठ ते सत्तर या दहा वर्षांतली पॉप गाणी. त्यातही जगाने डोक्यावर घेतलेली नव्हेत. ती ऐकणारे सगळे मेंढरं! याला लागायची ती पडलेली गाणी. चार पोरांनी गिटारी उसन्या आणून बँड काढायचा, एक छोटी तबकडी निघायची, दोनशे खपायच्या, की पोरं गपगुमान बापाच्या दुकानात कामाला. अशा बँडचं नाव काढलं की याचा चेहरा देव भेटल्यासारखा व्हायचा. बहुतेक गाणी वाईट होती म्हणूनच पडली होती, पण हे याला सांगणार कोण?

दर रविवारी सकाळी दहाला ड्रायव्हिंग शाळेच्या वरच्या खोलीत अशा रसिकांची बैठक भरे. भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता, कोपऱ्यात शिकवायला ठेवलेलं सुटं स्टिअरिंग, मधोमध प्लेयर, आणि भोवती सहा-सात डोकी. ज्याने त्याने आपली तबकडी आणायची, लावायची, बाकीच्यांनी डोळे मिटून माना डोलवायच्या. मग चर्चा. एक म्हणणार, दुसऱ्या कडव्यात ड्रमवाला चुकला. दुसरा म्हणणार, चुकला नाही, मुद्दाम केलं. झालं, त्यावर पाऊण तास. वासरात लंगडी गाय शहाणी, तसा कवळीवाला प्लेयरशेजारच्या खुर्चीत बसायचा. त्या खुर्चीत दुसरं कुणी बसत नसे.

ती खुर्ची त्याला मिळाली होती एका तबकडीमुळे. एक बंद पडलेलं रेडिओ केंद्र झाडून काढत होते, त्या ढिगात त्याला ती सापडली. तीन बायकांचे आवाज, मागे एक ऑर्गन, अडीच मिनिटांचा मामला. गाणं मात्र खरोखर चांगलं होतं. एवढं कबूल करायलाच हवं, नाहीतर म्हणाल सांगणाऱ्याच्याच मनात काळं आहे.

आता अशा शौकिनांत एक चोरटी रीत होती, बैठकीत मात्र ती अजून कुणाला ठाऊक नव्हती. फार दुर्मिळ तबकडी हाती लागली की तिच्या मधल्या चकतीवर पांढरा कागद चिकटवायचा आणि वर मनाला येईल ते खोटं नाव लिहायचं. म्हणजे गाणं ऐकवून मिरवता येतं, पण खरं नाव न कळल्याने दुसऱ्याला प्रत शोधता येत नाही. खाऊ दाखवायचा आणि पुन्हा मुठीत लपवायचा, हे लहान पोरं करतात. इथे टक्कल पडलेले बाप्ये करायचे. कवळीवाल्याने कागद चिकटवला तेव्हा त्याच्या कामाच्या खोलीत एक छत्री वाळत पडली होती. त्याने लिहिलं, ‘द वेट अंब्रेलाज’.

दुसऱ्या दिवशी रविवार. गाणं वाजलं, सगळे खल्लास झाले. तबकडीवरचं नाव वाचून विमा एजंट म्हणाला, “अंब्रेलाज? अहो, यांच्याबद्दल मी वाचलंय कुठेतरी. ड्रमवाला भांडून निघून गेला होता.” बँडला जन्माला येऊन अठरा तास झाले नव्हते, तर त्यातला ड्रमवाला भांडून गेलासुद्धा! मग दुसऱ्याला त्यांचं आणखी एक गाणं आठवलं. तिसऱ्याने ते वाजवलंदेखील होतं म्हणे, मामाच्या घरी. कवळीवाला गालातल्या गालात हसत बसला. एकेकाची कवळी काढून हातात घेतल्यासारखं त्याला वाटत होतं.

एकच माणूस म्हणाला, “मी नाही बुवा ऐकलं हे नाव कधी.” ते टपालराव. टपाल कार्यालयात छत्तीस वर्षं पत्रं निवडून खणांत टाकण्याचं काम केलेले, साधे, पायात कायम धुतलेले कॅनव्हासचे बूट. एवढं मोठं अज्ञान चारचौघांत कबूल करणारा माणूस त्या खोलीत दुसरा नव्हता. त्यांनी हात जोडून विचारलं, “कवळीशेठ, पुन्हा एकदा लावता का?”

“महिन्यातून एकदाच,” कवळीवाला म्हणाला. “सुई लागली की तबकडी झिजते.”

आणि टपालराव शोधाला लागले. जुन्या तबकड्यांची दुकानं, म्हातारे निवेदक, देशोदेशीचे असलेच वेडे, सगळ्यांना पत्रं. रोज सकाळी एक-दोन. रविवारी येताना खिशात उत्तरं असायची. “कवळीशेठ, बंदराच्या गावातला एकजण लिहितो, अंब्रेलाज नावाचे दोन बँड होते, पण दोघांत बाई नाही.” कवळीवाला गंभीर चेहऱ्याने मान हलवायचा आणि म्हणायचा, “शोधा, शोधा. या कामाला चिकाटी लागते.” घरी येऊन मात्र जेवताना बायकोला सांगून खिंकाळायचा.

ती एकदा ताट आपटून म्हणाली, “अहो, सांगून टाका ना त्या भल्या माणसाला. तुमच्या गाण्याला काय खरूज होणार आहे?”

“तुला त्यातलं काय कळतं?”

“गाण्यातलं नाही कळत. पण तुम्ही किती कोत्या मनाचे आहात ते कळतं. एवीतेवी तुमचं ते गाणं ऐकलंय कुणी, तर घरातल्या झुरळांनी.”

असं सहा वर्षं चाललं. सहा वर्षं, काय थट्टा आहे?

मग एका दुपारी टपालराव थेट कामाच्या खोलीवर आले. कवळीवाला एका दाढेचा उंचवटा कानशीने उतरवत होता. टपालराव स्टुलावर बसले, डावा कान जरा पुढे करून. म्हणाले, “उजवा गेला. डावाही जाणार म्हणतात डॉक्टर. नस सुकतेय. यंत्राचाही उपयोग नाही. चार-पाच महिने धरून चाला म्हणाले.”

“अरे अरे,” कवळीवाला म्हणाला, आणि कानस फिरवत राहिला.

“एक विचारतो, रागावू नका. ते नाव खोटं आहे ना? दोनशे चौदा पत्रं लिहिली मी. कितीही पडेल बँड असला तरी कुणीतरी एकजण निघतोच, ज्याच्या आत्याचा नवरा त्यात होता. यांचं कुणीच नाही.” ते थोडं हसले. “मला खरं नाव सांगा. आईशपथ, कुणाला सांगणार नाही. एक प्रत मिळवतो आणि घरी ठेवतो. कान आहे तोवर रोज सकाळी एकदा ऐकीन. एवढंच मागणं आहे.”

माणसाने यावर काय म्हणावं? कुणीही काय म्हणेल? हा म्हणाला, “बघू. पुढच्या रविवारी आणतो की मी. ऐका तिथेच पोटभर.”

टपालराव गेले. याच्या डोक्यात चक्रं सुरू. टपालराव घरी बहिणीला सांगणार, बहीण शेजारणीला, तिथून विमा एजंटाला. मग प्रत्येकाकडे एकेक प्रत. मग त्या खुर्चीत बसायचं कशाच्या जोरावर? दात बनवण्याच्या? आतून कुठेतरी टोचत होतं, नाही असं नाही. पण टोचणीकडे काणाडोळा करायची त्याला चांगली सवय होती. पुढच्या रविवारी त्याने दुसरीच तबकडी नेली. त्याच्या पुढच्या रविवारी म्हणाला, सुई बिघडलीय. मग एकदा सर्दी. टपालराव दर वेळी म्हणायचे, “काही हरकत नाही,” आणि डावा कान प्लेयरकडे करून जे वाजेल ते ऐकायचे. एक दिवस ते आलेच नाहीत. त्यानंतरही नाहीत.

“टपालरावांचं ऐकणं पुरतं गेलं म्हणे,” एका रविवारी विमा एजंट म्हणाला. सगळे च्‌च्‌ करून झाले. मग तोच म्हणाला, “आता त्यांच्या तबकड्या कुणाकडे जाणार?” त्यावर मात्र सगळ्यांचे डोळे उघडले. कवळीवाल्याला त्या खोलीची शिसारी आली. हे लोक माणसं नव्हेतच, गिधाडं आहेत, असं म्हणत तो घरी आला. जेवण गेलं नाही. बायकोने एकदाच बघितलं आणि म्हणाली, “जाऊन या. तोंड घेऊन जा फक्त, नाक इथेच ठेवा.”

मंगळवारी सकाळी तो गेला. इतक्या वर्षांत त्या घरी पहिल्यांदाच. चौथा मजला, दोन खोल्या. टपालरावांच्या थोरल्या बहिणीने दार उघडलं. पिकले केस, हातात कात्री, जमिनीवर पसरलेलं शिवणाचं कापड. आत गेला तर भिंतभर लाकडी खण, टपाल कार्यालयात असतात तसे. प्रत्येक खणावर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी, आणि आत तबकड्या. टपालरावांनी त्याला पाहिलं आणि लहान मूल उठावं तसे उठले. “कवळीशेठ! तुम्ही! ताई, बघ कोण आलंय!” आपण ओरडतोय हे त्यांना कळत नव्हतं.

याने वाटेत बोलणं घोकून ठेवलं होतं. माझं चुकलं, मी हलकट माणूस आहे वगैरे. पण ऐकणारा कुठे होता? ताईंनी वही आणि पेन्सिल पुढे सरकवली. हातात पेन्सिल आली आणि याचं धैर्य गळालं. माफीबिफी लिहायची म्हणजे कायमची राहणार कागदावर. त्याने फक्त नाव लिहिलं. ‘द टायपिस्ट्स.’

टपालरावांनी चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं. “टायपिस्ट्स?” ते म्हणाले आणि उठून थेट ‘ट’च्या खणाकडे गेले. बोटांनी भराभर चाळलं आणि एक छोटी तबकडी बाहेर काढली. हिरवी चकती, कोऱ्या वेष्टनात. पांढऱ्या कागदाखाली होती तशीच.

“आहे की!” टपालराव ओरडले. “एक दुकान बंद झालं ना, चार वर्षांपूर्वी, तिथून पेट्या उचलल्या होत्या मी. रोज सकाळी एक नवी ऐकायची असं ठरवलं होतं. पण सकाळ सगळी पत्रांत जायची बघा.”

ते हसत होते. खरंच हसत होते, टोमणा नव्हता. टोमणा असता तर कवळीवाल्याला किती बरं वाटलं असतं! ताईंनी मात्र कात्री खाली ठेवली आणि याच्याकडे असं बघितलं की तो वहीकडे बघायला लागला. चार वर्षं. रोज सकाळी हा माणूस त्या खणाला पाठ करून बसला होता, आपण गंमत म्हणून लिहिलेल्या नावासाठी पाकिटं चिकटवत. कवळीवाल्याला स्वतःची मनापासून किळस आली.

टपालरावांनी तबकडी प्लेयरवर ठेवली. “बसा. तुम्ही ऐका. मला एकच करा. दुसऱ्या कडव्यानंतर एक क्षण सगळं थांबतं ना? ऑर्गनही नाही, काही नाही. तिथे मला हात वर करून दाखवा. तेवढं तरी मला तुमच्याइतकंच ऐकू येईल.” आणि आपल्याच विनोदावर ते पुन्हा हसले. सुई टेकवून त्यांनी खुर्ची याच्यासमोर ओढली, गुडघ्यावर हात ठेवले, आणि याच्या हातावर नजर लावून बसले.

गाणं सुरू झालं. पहिल्याच ओळीला कवळीवाल्याचे कान टवकारले. खरखर नाही. एक ओरखडा नाही. याच्या प्रतीत ऑर्गन मागे कुठेतरी दबलेला होता, इथे लख्ख. पहिलं कडवं झालं. कुणी वाजवलेलीच नाही ही, त्याच्या मनात आलं, माझ्यापेक्षा कितीतरी चांगली आहे. दुसरं कडवं. यांना आता तशीही काय उपयोगाची? विमा एजंट टपलेलाच आहे. त्याच्या हाती लागण्यापेक्षा आपण आजच शब्द टाकलेला बरा. ताईंना विचारावं का? की चार दिवसांनी? वहीवर कसं लिहावं म्हणजे वाईट दिसणार नाही?

आणि मग त्याला कळलं की सुई रिकामी घासतेय.

टपालराव अजून त्याच्या हाताकडे बघत होते, जरा पुढे वाकून, पापणी न हलवता. कवळीवाल्याने हात वर केला.

टपालरावांनी डोळे मिटले. चेहरा असा खुलला की बघवेना. “हं,” ते हळूच म्हणाले, “हं, हेच.”

“ते केव्हाच होऊन गेलं,” ताई म्हणाल्या. त्यांनी उठून सुई उचलली आणि कात्री घेऊन पुन्हा कापडाशी बसल्या.